पातेल्यातलं मटण कशाचं?



परवा नातीने विचारलं, "आबा, शिजलेल्या मटणावरून ते बोकडाचं की हरणाचं हे ओळखता येतं, माहीत आहे?" ती बारावीला आहे, विषय जीवशास्त्र. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. तिच्याकडूनच थोडं समजून घेतलं, आणि एक जुनी गोष्ट वर आली.

1975 च्या आसपासची. उजनीचं पाणी अजून यायचं होतं. जेऊरच्या भोवती ऊस नव्हता, नुसता माळ. त्यावर काळविटांचे कळप दिसत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार हा गुन्हा ठरला होता. एके सकाळी गावाबाहेरच्या पालावरून एका पारध्याला पातेल्यासकट धरून नेलं. "बकऱ्याचं हाय सायेब," तो सांगत होता. कोण ऐकतो? पारध्याच्या पातेल्यात हरिणच असणार, हा गावाचा हिशेब. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अशा जमातींना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. 1952 साली तो कायदा गेला, शिक्का तेवढा राहिला.

त्याच महिन्यात एका बागायतदाराच्या वाड्यावर मला जेवण होतं. "मास्तर, आज खास बेत आहे," म्हणून यजमान हसले. मला कळलं होतं. तरी मी जेवलो. ते पातेलं तपासायला कोणी आलं नाही.

कातडी, शिंग, केस काही उरलं नाही की शिजलेल्या तुकड्याकडे बघून कोणाला काही सांगता येत नसे. मग उरायचा तो फक्त शब्द, आणि शब्दाचं वजन माणूस बघून ठरायचं.

पुढे विज्ञानाने वाट काढली. 1984 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची रीत शोधली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी दोन शास्त्रज्ञांनी जपानच्या बाजारातलं देवमाशाचं मांस हॉटेलच्या खोलीत उपकरणं मांडून तपासलं. त्यात संरक्षण दिलेल्या जातींचं मांस निघालं.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये लालजी सिंग आणि सुनील कुमार वर्मा यांनी जी पद्धत काढली, ती 2003 साली प्रसिद्ध झाली. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए असतो. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने शिजवल्यावरही तुकडे सापडतात. त्यातल्या सायटोक्रोम बी या जनुकाच्या एका भागात जातीजातीप्रमाणे अक्षरं बदलतात, पण त्या भागाच्या दोन्ही कडा बहुतेक प्राण्यांत जवळजवळ सारख्या. त्या कडांना चिकटणारी एकच जोडी वापरायची, मधली अक्षरं वाचायची, माहीत असलेल्या जातींशी ताडून बघायची.

मला यातली एक गोष्ट फार भावली. प्राणी कोणता असावा, याचा अंदाज आधी बांधावा लागत नाही. आणि पातेलं कोणाचं, हे तर डीएनएला ठाऊकच नसतं. अर्थात, पंचनामा नीट हवा, नमुन्याचं सील शाबूत हवं. ते माणसांच्याच हाती. शिवाय प्राण्याची जात कळली तरी मारणारा कोण, ते वेगळं शोधावं लागतं.

तो पारधी काही दिवसांनी सुटून आला आणि पाल उठलं. त्याच्या पातेल्यात काय होतं ते आता कळायचं नाही. माझ्या ताटात काय होतं ते मात्र मला ठाऊक आहे. पन्नास वर्षं हे कुणाला बोललो नव्हतो. नातीला सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

असो. तुमच्या गावाकडच्या अशा काही आठवणी असतील तर जरूर कळवा.