८ पौंडांची जुनी बेस गिटार

१९५१ साली अमेरिकेत फेंडर कंपनीने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. उभ्या डबल बेसवर स्वराची जागा वादकाला अंदाजाने शोधावी लागे. या नव्या वाद्यावर सतारीसारखे पडदे होते. बोट किंचित चुकले तरी स्वर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडले.

दहा वर्षांनी लंडनमध्ये नोकरी सांभाळून बँडमध्ये वाजवणाऱ्या बिल वायमन यांना बेस हवी होती, आणि तीही स्वस्त. १९६१ मध्ये त्यांनी ८ पौंडांना ‘डॅलस टक्सिडो’ ही वापरलेली ब्रिटिश बेस घेतली. तिचे बेढब अंग त्यांनी करवतीने कापून लहान केले. पडदे खडखडत होते, म्हणून तेही उपटून काढले. नवे बसवायचा बेत होताच. पण बिनपडद्याच्या पट्टीवर उमटणारा नाद त्यांना इतका भावला, की ते काम कायमचे राहून गेले.

डिसेंबर १९६२ मध्ये वायमन ‘रोलिंग स्टोन्स’मध्ये दाखल झाले, ते ही बेस घेऊनच. बिनपडद्याची पहिली बेस हीच, असा दावा केला जातो. घरगुती दुरुस्त्यांची नोंद कोण ठेवतो, म्हणून तो जपूनच घ्यावा. कारखान्यात तयार झालेली तशी बेस १९६६ मध्ये अँपेगने आणली. फेंडरची आली १९७० मध्ये, आणि पडदे गेले तरी तिचे नाव ‘प्रिसिजन’च राहिले!