गुडघ्याचं ऑपरेशन आणि रक्त राखणारं औषध

खुरपणी-वेचणीत जन्म गेलेल्या आपल्या गटातल्या मावश्यांचे गुडघे लवकर कुरकुरतात. डॉक्टर सांधा बदलायला सांगतात, तेव्हा आम्ही बायका पहिलं विचारतो, "रक्त किती जाईल? द्यायचं कोणी?" ही भीती पोकळ नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं.

या भीतीवरच्या औषधाचा इतिहास एका बाईपासून सुरू होतो. डॉ. उताको ओकामोतो, जपानच्या, जन्म 1918 चा. महायुद्धानंतर पैशांची चणचण होती. त्यांनी आणि पती शोसुके यांनी रक्तावर संशोधन करायचं ठरवलं, कारण कमी पडलं तर स्वतःचंच काढता येई. पाळणाघर नव्हतं, म्हणून लेकीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत राबत. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरू नयेत, ही त्यांची तळमळ. 1962 साली दोघांनी ट्रॅनेक्झामिक अॅसिड जगापुढे मांडलं.

जखमेवर रक्ताची गुठळी धरते आणि शरीरच ती हळूहळू विरघळवतं. हे औषध ते विरघळणं रोखतं, म्हणून धरलेली गुठळी टिकते. गुडघा बदलताना हाड कापतात, त्यामुळे नंतरही रक्त झिरपत राहतं. 1996 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की या औषधाने ते कमी जातं आणि बाहेरचं रक्तही कमी चढवावं लागतं. आता अनेक ठिकाणी ते शिरेतून देतात.

बाळंतिणींसाठीचा मोठा पुरावा मात्र 2017 मध्ये आला. 21 देशांतल्या 20,000 हून अधिक बाळंतिणींच्या अभ्यासात दिसलं, की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत औषध मिळालं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. उताकोताई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. ऑपरेशन ठरलं की आधीच हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढा. "रक्त कमी जाण्याचं औषध मला चालेल का?" असं डॉक्टरांना विचारा. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, फिट येत असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर न लपवता सांगा. दुकानातून मनाने गोळ्या मात्र आणू नका.