जातं कोणी ओढायचं?

आम्ही कुकरमध्ये सफरचंद-दालचिनीचा पाव भाजतो. खमीर नाही, नुसत्या सोड्यावर फुगतो. बिनखमिराचा, कोंड्यासकट पिठाचा पाव १९०६च्या सुमारास जोहान्सबर्गला गांधीजींच्या घरीही भाजत. त्यासाठी सात पौंडांना हातजातं घेतलं होतं. लोखंडी चाक एकट्याला जड, म्हणून गांधीजी, त्यांचे मित्र पोलक आणि मुलं मिळून दळत. कस्तुरबा अधूनमधून हात लावत. ती त्यांची स्वयंपाकाला लागायची वेळ असे.

१९३४ साली आपल्या वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला, १९३६ला गांधीजी सेगावात राहायला आले. हातच्या पिठाचं महत्त्व आपण तेव्हापासून ऐकतोय. पण जातं पुरुषांनीही ओढलं होतं, हे घरोघरी कुणी सांगितलंच नाही. आता आपण सांगू या. पाव सगळे खातात, तर पीठ चाळायला आणि भांडी घासायलाही सगळ्यांनी यावं.