कायरोप्रॅक्टर

कायरोप्रॅक्टर : पाठ, मान आणि सांध्यांच्या दुखण्यावर औषधे वा शस्त्रक्रिया न वापरता मुख्यतः हातांनी उपचार करणारा व्यावसायिक. मणक्याच्या सांध्याला नेमक्या दिशेने दिलेला छोटा, जलद झटका हे त्याचे प्रमुख तंत्र. त्या वेळी होणारा ‘कट्’ आवाज सरकलेले हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने तो येतो.

वसई-विरार पट्ट्यात पाठदुखीला कारणांचा तोटा नाही. केळीच्या बागा आणि पानमळ्यांतले वाकून करायचे काम, अर्नाळ्याच्या कोळ्यांची जाळ्यांची ओढाताण, वालीव-गोखिवरे भागातल्या कारखान्यांतील उभ्याने काढायच्या पाळ्या आणि विरार ते चर्चगेट हा सुमारे ६० किलोमीटरचा लोकलप्रवास, बहुधा तोही उभ्यानेच. अशा दुखण्यासाठी लोक पूर्वापार हाडवैद्याकडे जात आले. उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चालही महाराष्ट्रात जुनी आहे. बहुतेक उसण काही दिवसांत आपोआप उतरते, म्हणून श्रेय पायाला मिळाले. कायरोप्रॅक्टरचे यश मोजतानाही नेमकी हीच अडचण येते.

कायरोप्रॅक्टरच्या उपचारपद्धतीचा आरंभ अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये झाला. डी. डी. पामर यांनी हार्वी लिलर्ड या सफाई कामगाराच्या मणक्यावर दाब देऊन त्याचा बहिरेपणा घालवल्याचा दावा केला आणि दोन वर्षांत शाळाही काढली. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांच्या स्थानभ्रंशात असते, हा त्यांचा सिद्धांत विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेला नाही. डॉक्टरांच्या संघटनेने या व्यवसायावर घातलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल अमेरिकी न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. तो स्पर्धेच्या कायद्याखालचा होता. उपचाराच्या गुणाचे प्रमाणपत्र म्हणून तो मिरवला जातो, ते बरोबर नाही.

या व्यवसायात रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन एकाच कारकिर्दीत सांधण्याचे ठळक उदाहरण स्कॉट हाल्डेमन यांचे. पामर महाविद्यालयातून कायरोप्रॅक्टर झाल्यावर त्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मज्जाशरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, मग वैद्यकाची पदवी घेऊन ते मज्जाविकारतज्ज्ञ झाले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत शिकवू लागले. मानदुखीवरील आंतरराष्ट्रीय कृतिगटाचे ते अध्यक्ष होते. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्थापन केलेल्या ‘वर्ल्ड स्पाइन केअर’ या संस्थेमार्फत बोट्सवानातील खेड्यांपर्यंत मणक्याचे उपचार पोहोचले. आपल्याच व्यवसायातील दावे बाहेरच्या शास्त्राच्या मापाने तपासणारी अशी माणसे नसती, तर हा व्यवसाय पामर यांच्या सिद्धांतापाशीच अडकून पडला असता.

तीन महिन्यांहून अधिक टिकणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी वेदना दीर्घकालीन मानली जाते. अशी वेदना केवळ झिजलेल्या मणक्यातून येत नाही; झोप, भीती, कामाचा ताण आणि मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता यांचाही तीत वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दीर्घकालीन कंबरदुखीविषयक २०२३ च्या मार्गदर्शिकेत व्यायाम आणि रुग्णशिक्षणाबरोबर मणक्याच्या हस्तोपचारालाही सशर्त स्थान आहे. कमरपट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असेही ती सांगते. औषधांच्या दुकानात पट्टा मागणाऱ्यांची संख्या पाहता हे वाक्य मराठीत ठळक छापायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या व्यवसायाच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तासांची अपेक्षा मांडली. भारतात मात्र कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्टांचा समावेश संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे, कायरोप्रॅक्टरचा नाही. त्यामुळे परदेशी पदवीधर आणि आठवड्याभराची कार्यशाळा केलेला माणूस दोघेही एकच पाटी लावू शकतात. शिक्षण कुठे आणि किती वर्षे झाले, हे रुग्णाला स्वतःच विचारावे लागते.

उपचारानंतर दिवसभर अंग ठणकणे सामान्य आहे. मानेला दिलेल्या झटक्यानंतर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी विरळ असल्या, तरी आहेत. आपल्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते ते मणक्याच्या क्षयाकडे. रात्रीची वाढती पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटते वजन असे चित्र असेल तर आधी तपासण्या. पोखरलेल्या मणक्याला झटका दिल्यास तो खचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पायांतली ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे लागते.