खानदेशातील घडीव अंगणे

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच ती पायांखाली गैरसोयीची. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच जमीन माणसाला चपलेसकट धरून ठेवते. त्यामुळे खानदेशात अंगण ही आयती मिळणारी वस्तू कधीच नव्हती. गावठाणातील पांढरी माती पाट्यांनी आणावी, पाणी शिंपून ती चोपावी, आणि वर शेणकाल्याचा हात फिरवावा, असा शिरस्ता होता. हे सारवण वाटते तितके सोपे नाही: उकिडवे बसून मागे सरकत, तळहाताची एक कमान आधीच्या कमानीवर थोडी चढवीत जावे लागते, शेण अधिक झाले तर पोपडे सुटतात, माती अधिक झाली तर भेगा राहतात, आणि हे प्रमाण ज्या बायकांना बोटांनी कळे त्यांचे नाव कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही.

शेतातले खळे हे याच विद्येचे विस्तीर्ण रूप. मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात दादर ज्वारीची कणसे तुडवीत फिरू लागली की जमीन पोचट राहिल्याची शिक्षा ताबडतोब मिळे. धान्यात माती येई आणि व्यापारी तेवढी कसर कापून घेई. सपाट, टणक आणि पाणी न साचणारी भूमी ही आमच्याकडे सौंदर्यापेक्षा हिशेबाची बाब होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

1818 मध्ये हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, आणि लगेच 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे कारभाराचे ठाणे करून नवी पेठ वसविण्याची तजवीज केली. पुढे 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगावलाही मुख्य ठाण्याचा मान मिळाला. साहेबाबरोबर हिंदुस्थानात गोल्फही आले होते: कलकत्त्यास 1829 मध्ये आणि मुंबईस 1842 मध्ये त्याचे क्लब निघाले. परंतु कोरड्या छावण्यांत गवत तगेना, तेव्हा या व्यवहारी लोकांनी भोकाभोवतालची हिरवळच रद्द करून तेथे तेल मुरविलेल्या वाळूचे गुळगुळीत वर्तुळ केले, आणि चेंडू टोलण्यापूर्वी ते फळीने सारखे करण्याचा रिवाज पाडला. साहेबाने या देशात केलेल्या शहाणपणाच्या मोजक्या गोष्टींत मी हिची गणना करतो.

हिरवेपणाचा हट्ट मात्र अमेरिकेने पुरविला. ह्यूस्टन शहरातील छप्पर असलेले अॅस्ट्रोडोम हे क्रीडागृह 1965 मध्ये उघडले; छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हाने खेळाडूंचे डोळे दिपतात म्हणून ती तावदाने रंगविली, तशी आतली हिरवळ मेली, आणि 1966 मध्ये मॉन्सँटो कंपनीचे नायलॉनचे गवत तेथे अंथरले गेले. दहा वर्षांनी, 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी अशाच कृत्रिम मैदानावर खेळविली गेली, आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातव्या क्रमांकावर घसरला.

जळगावास प्लास्टिक नवखे नव्हते. भवरलाल जैन यांच्या कारखान्यातून 1980 पासून पीव्हीसी नळ निघू लागले, आणि औद्योगिक वसाहतीतील मागांवर विणलेल्या रंगीत चटया देशभर पसरल्या. सारवलेल्या जमिनीवर प्रथम अंथरले गेले ते हे प्लास्टिक. नंतर फरशी आली, सिमेंटची गच्ची आली, लग्नाच्या कार्यालयांची ‘लॉन्स’ झाली, आणि तासाच्या भाड्याने क्रिकेट खेळण्याची ‘टर्फ’ आली.

आता परसात अशाच कृत्रिम गवताचा गोल्फचा छोटा ‘ग्रीन’, म्हणजे भोकाभोवतालची हिरवळ, बसविणाऱ्यास काय करावे लागते पाहा. वरची माती वीतभर उपसून टाकायची, कारण काळी माती फुगते आणि आक्रसते. मुरूम व खडीची चुरी थरांनी घालून, पाणी मारून रोलर फिरवायचा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून किंचित उतार ठेवायचा. 108 मिलिमीटर व्यासाचे भोक बसवून आखूड तंतूंचे गवत ताणून अंथरायचे, आणि त्यात बारीक वाळू झाडूने जिरवायची. चोपण्याचा भाग खळे घालणाऱ्या कुणब्यास समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

अडचण आहे ती उन्हाची. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा भर उन्हातले हे गवत साठीच्या पुढे सहज जाते. जिवंत गवत पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःस थंड राखते, सारवणही ओल धरून असते, प्लास्टिकला ती सोय नाही. म्हणून घराच्या पूर्वेस, दुपारनंतर भिंतीची सावली पडेल अशा जागी ते घातले तरच संध्याकाळी अनवाणी उभे राहता येईल. दुसरी गोष्ट ते जीर्ण झाल्यावरची. एका जातीच्या प्लास्टिकची भंगार वस्तू वितळवून पुन्हा दाणे करता येतात. या गवतात तंतू एका जातीचे, पाठीचे कापड दुसऱ्या जातीचे आणि त्यांना धरणारा चिकट थर तिसराच, वर वाळू अडकलेली, म्हणून ते वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो, आणि भंगारवाला ते फुकटसुद्धा उचलण्यास कां-कूं करतो.