मुठीचा हिशेब
शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पैसे उभे करायचे म्हटले की पहिल्यांदा देणगीदारांची यादी निघते. सोलापुरात ही यादी पाट्यांवरच वाचायला मिळते: हरिभाई देवकरण प्रशाला, वालचंद महाविद्यालय. १८७७ साली पहिली कापडगिरणी निघालेल्या या शहरात धनिकांनी शिक्षणासाठी हात सैल सोडला, हे खरेच. पण मुलांनी हिंडून जमवलेल्या वर्गणीची वंशावळ या पाट्यांशी जुळत नाही. ती मूठ आणि पैसा या मापांपासून सुरू होते. माझे म्हणणे असे, की अशी वर्गणी देणाऱ्याच्या ऐपतीपेक्षा मागणाऱ्याने ठरवलेल्या मापावर फळते.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचे गणित पाहावे. माणशी वर्षाला एक पैसा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे, म्हणजे लाख माणसांनी दिला तरी हाती १५६२ रुपये ८ आणे. कोणताही पेढीवाला हसला असता. तरी त्याच फंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला, कारण पैसा मागताना संकोच नव्हता आणि नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाने तर नाण्याचीही अट काढली: बोर्डिंगच्या मुलांसाठी घरागणिक मूठभर धान्य. रोकड नसलेल्या पण कणगीत ज्वारी असलेल्या घराला हेच माप सोसणारे होते. मापाइतकेच कामही नेमके लागते. १९३८ साली चीनला वैद्यकीय पथक धाडण्यासाठी काँग्रेसने निधी जमवला, तेव्हा डॉक्टर जाणार पाच आणि जाणार कुठे, हे देणाऱ्याला ठाऊक होते. त्या पाचांतले द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे.

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की मुठींनी भागत नाही. भाऊरावांच्या बोर्डिंगसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना दागिने मोडावे लागले, मंगळसूत्रसुद्धा. हे नाकारता येत नाही. पण बोर्डिंगची चूल रोज दोनदा पेटते, संमेलनाचा मांडव वर्षातून एकदा पडतो. कायमच्या खर्चाला जी मूठ अपुरी, ती एकदाच्या खर्चाला पुरते. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: मुलांना दारोदार पाठवणे म्हणजे मागून खायला शिकवणे. याला जुन्या व्यवहारातच उत्तर आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीसाठी मुले हिंडतात, ती छोटा झेंडा देऊन पैसे घेतात. स्काउटच्या ‘खरी कमाई’त आधी काम, मग मोबदला. तेव्हा मुलांनी शेंगा चटणीच्या पुड्या विकल्या तर त्यात कमीपणा कसला? (चटणी आईने कुटलेली असते, हा भाग वेगळा, तिचाही खर्च हिशेबात धरावा.)

राहिली वेळ आणि रक्कम. सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेत घरोघरचा पैसा आधीच खेळण्यांवर आणि पाळण्यांवर गेलेला असतो, म्हणून वर्गणी त्याआधी उरकावी. पाचशे घरांची शाळा असेल आणि मांडवाला दहा हजार लागणार असतील, तर दारी वीस रुपये मागावेत आणि तिथल्या तिथे पावती फाडावी. कुणी पन्नास पुढे केले तर घ्यावेत. मागावेत मात्र वीसच.