हडळीच्या आधी कोण होती?

हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीत काय किंवा पलीकडे उदगीर-निलंग्यात काय, पोराला ताकीद एकच: भर दुपारी चिंचेखाली थांबू नको. चिंचेवर हडळ, पिंपळावर मुंजा, विहिरीच्या काठी शेंदूर फासलेल्या सात आसरा. 1956 साली बिदर जिल्हा भाषेवर विभागला गेला, हुमनाबाद-भालकी म्हैसूर राज्यात आणि उदगीर-निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. झाडांवरच्या या वस्तीला मात्र कुठलीच हद्द लागली नाही.

मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. पोरांची आणि बाळंतिणींची मरणं घरोघरी होत असत त्या काळात या दुःखाला कुठेतरी जागा हवी होती, ती झाडानं दिली. म्हणून या गोष्टींना अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकायला माझं मन धजत नाही. पण झाडावरची बाई हडळीहून कितीतरी जुनी आहे आणि ती मुळात भिववणारी नव्हती, हे पोरांना कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भारहूतच्या स्तूपावर चंदा नावाची यक्षी आहे. एका हातानं तिनं फुललेली फांदी धरली आहे, दुसरा हात आणि एक पाय बुंध्याला लपेटला आहे. शिल्पावर तिचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे लोक तिला नावानं ओळखत होते. सांचीच्या तोरणावर तिचीच बहीण आंब्याच्या फांदीला लोंबते. तरुणीचा पाय लागला की अशोक फुलतो, ही समजूत याच घराण्यातली. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात मालविकेला त्याच कामासाठी बागेत धाडतात. ही बाई झाडाला बहर आणणारी, धरणाऱ्याला भरभरून देणारी.

दुबलगुंडीच्या पोरांना तिला पाहायला सांचीला जायला नको. हुमनाबाद तालुक्यातच जलसंगवी आहे. कल्याणी चालुक्यांच्या काळातल्या तिथल्या शिवमंदिराच्या बाह्य भिंतींवर मदनिका उभ्या आहेत. कुणी नटते आहे, कुणी नाचते आहे. त्यांतली एक मात्र लिहिते आहे: अंगाला डौलदार बाक, हातात लेखणी, आणि समोरच्या फलकावर सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीची संस्कृत अक्षरं. विक्रमादित्याची कारकीर्द 1076 ते 1126. बारा-तेराशे वर्षांत झाडाची फांदी सुटली आणि त्या हातात लेखणी आली. मला या मुलखातलं हे सगळ्यात देखणं शिल्प वाटतं.

मग भीती कुठून आली? एक धागा महाभारतात आहे. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली आणि कुणी जवळ येऊ नये म्हणून फांदीला एक प्रेत बांधलं. ती शमी म्हणजेच इथली बन्नी, जिची पानं दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात. झाडाला राखण हवी म्हणून त्यावर मेलेलं माणूस बसवायचं, ही युक्ती इतकी जुनी आहे. आपल्या गावची निम्मी भुतं अशीच राखणदार असावीत: कुणी विहिरीच्या काठावरून पोरांना मागे खेचणारं, कुणी चिंचेच्या फांदीवरून.

पंखांची परी फार उशिरा आली, फारसी-उर्दू किश्शांतून. बहमनी राजधानी असलेल्या बिदरला ती परकी वाटली नसेल.

या सगळ्यांत पोरांना आधी सांगावी अशी कथा गुणाढ्याची आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती येते. पैशाची, म्हणजे पिशाचांच्या, भाषेत लिहिलेला त्याचा सात लाख श्लोकांचा ग्रंथ सातवाहन राजानं झिडकारला. गुणाढ्य रानात गेला, अग्निकुंड पेटवलं, एकेक पान मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, रानडुकरं, रेडे चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसले. तिकडे राजाच्या ताटातलं मांस सुकं पडू लागलं, वैद्यांनी कारण शोधलं, तेव्हा कुठे राजा रानात धावला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या लाखातून पुढचं कितीतरी कथावाङ्मय निघालं.

रानात गोष्ट सांगायचा दिवस या भागाला आयताच आहे: मार्गशीर्षातली येळवस. घरदार शेतात जातं, कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडतात. भज्जी, उंडे, आंबील होते. जेवणं झाली की मोठी माणसं कोपीत लवंडतात आणि पोरं झाडांवर चढतात. मोठ्यांपैकी एकानं तेवढा वेळ जागं राहावं, बुंध्याशी बसावं आणि वर चढलेल्यांना विचारावं, ‘वर कोण राहतं रे?’ उत्तर पोरांना बनवू द्यावं. चुकीचं आलं तरी दुरुस्त करू नये. कुणी हडळ म्हणालं, तर ती काय खाते, कुणाशी बोलते, पाऊस आला की कुठे बसते, एवढंच पुढे विचारत जावं.